घरचा रामरगाडा सांभाळून बेसबॉलची टीम कशी फॉलो करायची

आमच्याकडं लातूरला नळाची पाळी असली की पहाटे साडेचारला उठणं आलंच. मोटर लावायची, हौद भरायचा, वरची टाकी भरायची, पिण्याचं वेगळं गाळून ठेवायचं, अन् बरोबर ह्याच टायमाला तिकडं कॅनडातल्या टोरोंटोत संध्याकाळचे सात वाजून सात मिनिटं झालेली असतात आणि तिथल्या ब्लू जेजचा, म्हणजे माझ्या टीमचा, पिचर (बॉल टाकणारा) पहिला बॉल टाकायला उभा असतो. आपल्या घड्याळात चार सदतीस. तीन सीझन झाले मी अशा मॅच बघते, पाणी भरत, डबे करत, पोरांना उठवत, आणि बऱ्याच जणी विचारतात की बाई घरातलं सगळं करून तुला हे जमतं कसं, एका टीमच्या वर्षाला १६२ मॅच असतात म्हणे. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढायलेय, ज्यांना बेसबॉल आवडायला लागलाय पण घरात बसंल का नाही अशी शंका आहे त्यांच्यासाठी.

पहिली गोष्ट मनावर घ्या, सगळी मॅच टक लावून बघायची नसते. आपल्याला क्रिकेटची सवय, भारताची मॅच असली की हातातलं काम टाकून टीव्हीपुढं बसायचं. पण १६२ मॅचचा खेळ हा रोजच्या वरणभातासारखा असतो, लग्नाच्या पंगतीसारखा नाही, थोडं थोडं रोज घ्यायचं. आणि खेळाची बांधणीच तशी आहे. दर हाफ इनिंगला, म्हणजे एका टीमच्या बॅटिंगच्या पाळीला, तीन आऊट झाले की दोनेक मिनिटांचा ब्रेक, तेवढ्यात एक चपाती लाटून भाजून होते. २०२३ पासून पिच क्लॉक आलंय म्हणजे पिचरनं ठराविक सेकंदांत बॉल टाकायचाच, बेसवर, म्हणजे पळताना गाठायच्या ठिकाणांवर, कोणी नसलं तर १५ सेकंद, असलं तर आता १८. त्याच्यामुळं आधी तीन तासाच्या वर जाणारी मॅच आता साधारण दोन तास चाळीस मिनिटांत उरकते. चार सदतीसला सुरू झालेली मॅच सव्वासातच्या आसपास संपते, म्हणजे डबे भरून झाकण लावायच्या टायमाला. मला तर हे कोणीतरी आपल्याच घराचं टाईमटेबल बघून बसवल्यासारखं वाटतं.

आधी घड्याळ, मग टीम

लोक आधी टीम निवडतात, मग मॅच कधी असते ते बघतात आणि दोन आठवड्यांत कंटाळून सोडतात. उलटं करा. आपल्या घरात मोकळा किंवा हात चालू पण कान मोकळे असा वेळ कोणता ते बघा, मग त्या वेळेला खेळणारी टीम निवडा.

हिशोब एकदम सोपा आहे, मी फ्रिजवर चिकटवून ठेवलाय. सीझन चालू असताना अमेरिकेच्या पूर्वेकडच्या शहरांची वेळ असेल, म्हणजे न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया, अटलांटा, टोरोंटो, तर त्यांच्या संध्याकाळची सकाळ करायची आणि अडीच तास वजा करायचे. संध्याकाळी ७:०५ म्हणजे आपली पहाट ४:३५. मधल्या भागातली शहरं, शिकागो, सेंट लुईस, ह्यूस्टन, त्यांना दीड तास वजा, म्हणजे ७:१० चे ५:४० होतात. डेन्वरला अर्धा तास वजा. आणि लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, सॅन फ्रान्सिस्को, सिअ‍ॅटल ह्या पश्चिमेकडच्यांना अर्धा तास मिळवायचा, ७:१० म्हणजे आपले सकाळचे ७:४०. एवढंच.

तारखेत मात्र सगळे फसतात. त्यांची सोमवार संध्याकाळ ही आपली मंगळवार सकाळ. पहिल्या वर्षी मी एका शुक्रवारी पहाटे उठून बसले आणि मॅचच नाही, कारण मी तारीख त्यांची वाचली होती, ती मॅच शनिवारी पहाटे होती. तेव्हापासून महिन्याचं वेळापत्रक हातानं वहीत उतरवते, आपल्या तारखेनं आणि आपल्या वेळेनं. एका महिन्याला अर्धा तास लागतो पण मग महिनाभर डोक्याला ताप नाही. रविवारची गोष्ट वेगळी, तिकडं बहुतेक रविवारी दुपारी खेळतात, दुपारी १:३७ ची मॅच आपल्याकडं रविवारीच रात्री ११:०७ ला लागते. जेवणं, भांडी, ओटा सगळं आवरून झाल्यावर शांतपणे बघायची हीच एक, आणि माझी सगळ्यात आवडती.

आता टीम. मेजर लीगमधी एकूण ३० टीम आहेत, अमेरिकन लीगमधी १५ आणि नॅशनल लीगमधी १५, प्रत्येक लीगचे तीन डिव्हिजन आणि डिव्हिजनमधी पाच टीम. पहाटे उठणाऱ्यांनी पूर्वेकडची घ्यावी, ज्यांचं सकाळी सातनंतर घर मोकळं होतं त्यांनी पश्चिमेकडची. आमच्याकडं आमच्या ह्यांचं कृषी सेवा केंद्र आहे, दुकान दहाला उघडतं, त्यांना पहाटे उठायचं नको, म्हणून ते लॉस एंजेलिसची डॉजर्स बघतात, पावणेआठला चहा घेत सुरू करतात आणि दुकानाला निघेपर्यंत मॅच संपत आलेली असते. माझी भाची टोरोंटोला राहते, तिनं ब्लू जेजची टोपी पाठवली तिथून माझं सुरू झालं. कारण काहीही चालतं. कोणाचा पोरगा तिकडं नोकरीला आहे, कोणाला खेळाडू आवडतो, कोणाला इतिहास. पिट्सबर्ग पायरेट्सनं २००८ साली रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ह्या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेक करणाऱ्या पोरांना घेतलं होतं, अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमधी करार मिळालेले ते पहिले भारतीय, हा रिंकू सिंग क्रिकेटवाला नव्हं बरं का. त्या एका कारणासाठी कोणी पायरेट्स धरली तरी मला ते कारण पटतं.

पण एकदा धरली की सोडायची नाही. हे मी कळकळीनं सांगते. शिकागो कब्ज १९०८ नंतर थेट २०१६ ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची शेवटची फायनल, जिंकली, १०८ वर्षं, तीन-चार पिढ्या गेल्या त्याच्यात. बॉस्टन रेड सॉक्सला १९१८ नंतर २००४ पर्यंत थांबावं लागलं. सिअ‍ॅटल मरिनर्स तर अजून एकदा पण वर्ल्ड सिरीजला पोचली नाही आणि त्यांचं स्टेडियम तरी भरतं. आमची ब्लू जेज २०२४ ला ७४ जिंकून ८८ हरली, डिव्हिजनमधी शेवटची. पुढच्याच वर्षी ९४ जिंकल्या. ज्यांनी २०२४ ला टीम बदलली त्यांना २०२५ मिळालं नाही.

आणि हरण्याचं मनाला लावून घेऊ नका, हे क्रिकेटवाल्यांना सगळ्यात जड जातं. २०२५ ला चॅम्पियन झालेली डॉजर्स पण ६९ मॅच हरलेली आहे. आज हरलो तर उद्या पहाटे परत आहेच, हौद भरायच्या आत.

नियम किती कळले म्हणजे पुरे

आमच्या शाळेत सॉफ्टबॉल होतं, मराठवाड्यात बऱ्याच शाळांत असतं, मी जिल्ह्यापर्यंत कॅचर म्हणून, म्हणजे बॅटरच्या मागं बसून बॉल झेलणारी, खेळलेय. तुम्ही शाळेत सॉफ्टबॉल खेळला असाल तर अर्धं काम झालं. फरक एवढाच की बेसबॉलमधी बॉल खांद्यावरून फेकतात, बॉल लहान असतो, दोन बेसमधलं अंतर ६० ऐवजी ९० फूट असतं आणि सातच्या जागी नऊ इनिंग असतात.

ज्यांना फक्त क्रिकेट माहीत आहे त्यांनी असं समजायचं. बॉल टप्पा न पडता येतो, सगळे फुलटॉसच, पण साडेसाठ फुटांवरून आणि असे वळणारे की बॅट कुठं न्यावी कळत नाही. बॅटरच्या छातीपासून गुडघ्यापर्यंत आणि त्याच्यापुढं जमिनीवर असते त्या प्लेटच्या रुंदीएवढी एक हवेतली चौकट धरायची, तिला स्ट्राईक झोन म्हणतात. बॉल त्याच्यातून गेला आणि बॅटरनं मारला नाही, किंवा बॅट फिरवली अन् लागलीच नाही, तर स्ट्राईक. तीन स्ट्राईक झाले की आऊट. बॉल चौकटीबाहेर गेला आणि बॅटर शांत उभा राहिला तर तो ‘बॉल’ मोजतात, असे चार झाले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर, त्याला वॉक म्हणतात. मारलेला बॉल रेषेबाहेर गेला तर फाऊल, तो पण स्ट्राईक धरतात पण दोन स्ट्राईक झाल्यावर नुसत्या फाऊलवर तिसरा मोजत नाहीत, म्हणून कधीकधी एकच बॅटर दहा-दहा बॉल तग धरतो, आणि खरी मजा तिथंच असते.

क्रिकेटपेक्षा मोठा फरक म्हणजे बॉल आतमधी मारला की पळावंच लागतं. टुकटुक करून उभं राहायची सोय नाही. फिल्डरनं बॉल उचलून बॅटरच्या आधी पहिल्या बेसला पोचवला की आऊट. एक रन म्हणजे चारही बेस पूर्ण फिरून घरी येणं, म्हणून तर मॅचचा स्कोअर ४-३ असा दिसतो. ज्यांना हे कमी वाटतं त्यांना मी सांगते की एकेका रनाची किंमत किती आहे ते बघा, आपल्याकडं उन्हाळ्यात घागरीची जी किंमत असते ती.

एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या मॅचमधी परत येत नाही. सुरुवातीचा पिचर साधारण पाच-सहा दिवसांनी एकदाच टाकतो. नऊ इनिंगला बरोबरी असली तर पुढं इनिंग वाढत जातात, ड्रॉ नाही, आणि लीगच्या मॅचमधी दहाव्या इनिंगपासून एक रनर फुकट दुसऱ्या बेसवर ठेवूनच सुरुवात करतात, प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना, मात्र तसलं काही नसतं. एवढं कळलं की बसा बघायला. बाकीचं बघता बघता कळतं, सगळे नियम पाठ करून मग बघते म्हटलं तर जन्मात होणार नाही.

फोनवर काय उघडायचं

लाईव्ह बघायचं तर एमएलबी (मेजर लीग बेसबॉल) टीव्हीचं सबस्क्रिप्शन आहे, पैसे लागतात. पण घरकाम करता करता व्हिडिओची तेवढी गरज पण नाही. एमएलबीच्या अ‍ॅपमधी गेमडे म्हणून आहे, ते फुकट आहे, त्याच्यात एकेक बॉल कुठं पडला, वेग किती, बेसवर कोण आहे हे सगळं चित्रात दिसत जातं. लाईट गेली, वायफाय बंद, मोबाईलला एकच काडी, तरी ते चालतं. डेटा पण अगदी थोडा जातो. आणि संध्याकाळी युट्यूबवर त्यांच्या चॅनेलवर हायलाईट्स असतात, ते सगळ्यांनी मिळून जेवताना बघायचे.

मी काय करते, पहिली इनिंग नीट बघते, पिचरचा हात आज चालतोय का नाही ते कळतं. मग दुसरीपासून पाचवीपर्यंत फोन ओट्यापासून लांब खिडकीत, गेमडे उघडं, येताजाता एक नजर. कणीक, भाजी, पोहे नाहीतर सुशीला जे काय असंल ते ह्याच वेळात. सहावीनंतर परत लक्ष, कारण सुरुवातीचा पिचर साधारण तिथं दमतो आणि मॅच तिथंच फिरते. तुमच्या घरची कामं वेगळी असतील पण हे गणित बदलत नाही, जड काम मधल्या इनिंगला टाका.

एक पक्का नियम, कढईत तेल तापलं की फोन पालथा. मी हे अनुभवानं सांगते, बेस भरलेले होते, तीन बॉल दोन स्ट्राईक, मी फोनकडं बघत पुरी सोडली आणि तेल मनगटावर उडालं. डाग अजून आहे. तळण असंल त्या दिवशी नुसतं ऐकायचं, पैसे भरून रेडिओ कॉमेंट्रीची पण सोय आहे, आणि एकाच कानात इअरफोन घालायचा म्हणजे कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात.

वहीत स्कोअर मांडा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी लोक करतात. हातानं स्कोअर लिहिला की खेळ जसा कळतो तसा कशानंच कळत नाही, शिवाय अर्ध्यातून उठून गेलं तरी परत येऊन कुठं होतो ते सापडतं.

आमच्या घरात हे काम आबांचं, माझे सासरे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तर म्हणून रिटायर झालेले. ते पहाटे उठतातच. पहिल्या वर्षी मी चौकोन आखत बसलेली बघून ते आत गेले आणि कपाटातून एक कोरा हजेरीपट घेऊन आले. म्हणाले, “पोरी, हे आखलेलंच आहे की, डावीकडं नावं, उजवीकडं चौकोन.” खरंच तसंच असतं! डावीकडं नऊ बॅटरची नावं, प्रत्येकाखाली एक ओळ मोकळी सोडायची बदली खेळाडूसाठी, आणि उजवीकडं एकेक रकाना म्हणजे एकेक इनिंग. एका पानावर एक टीम, समोरच्या पानावर दुसरी.

फिल्डरचे नंबर तोंडपाठ करावे लागतात, हे नंबर पाठीवरचे नाहीत, जागेचे आहेत. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधी उभा राहतो तो शॉर्टस्टॉप ६, मग लांबवर डावा ७, मधला ८, उजवा ९. आता शॉर्टस्टॉपनं बॉल उचलून पहिल्या बेसला टाकला आणि बॅटर आऊट झाला तर चौकोनात ६-३ लिहायचं. शॉर्टस्टॉपनं दुसऱ्या बेसवाल्याला दिला, त्यानं पहिल्याला, असे एका बॉलवर दोन आऊट झाले तर ६-४-३. सेंटर फिल्डरनं झेल घेतला तर नुसतं ८. चौकोनात एक छोटा पतंग काढायचा, रनर जेवढे बेस पुढं गेला तेवढ्या बाजू गडद करायच्या, घरी आला की पतंग पूर्ण भरायचा. आऊट कितवा ते कोपऱ्यात गोलात. पान संपल्यावर भरलेले पतंग मोजले की रन निघतात.

स्ट्राईकआऊटला के लिहितात. ही खूण हेन्री चॅडविक नावाच्या पत्रकारानं रूढ केली, तो मूळचा इंग्लंडचा आणि बेसबॉलच्या आधी न्यूयॉर्कात क्रिकेटच्या बातम्या लिहायचा, ‘स्ट्रक’ ह्या शब्दातलं शेवटचं अक्षर त्यानं घेतलं. हे मी आबांना सांगितलं तर त्यांना लई आनंद झाला, म्हणजे आपण काही परकं करायलो नाही म्हणाले, क्रिकेटवाल्यानंच शिकवलेलं आहे. बॅटर नुसता बघतच राहिला आणि तिसरा स्ट्राईक गेला तर तिकडं के उलटा काढतात. आबा मात्र तिथं ‘ब’ लिहितात, बघत राहिला म्हणून. आमच्या वहीत तेच चालतं आणि तुमच्या वहीत तुमचं चालू द्या, फक्त सीझनभर एकच खूण ठेवा.

आकड्यांचं थोडक्यात. बॅटिंग अ‍ॅव्हरेज .३०० म्हणजे दहातले तीन हिट (मारून बेस गाठला तो हिट), ते उत्तम समजतात. पिचरचा ईआरए म्हणजे फिल्डरच्या चुकांनी गेलेले सोडून नऊ इनिंगमागं किती रन दिले, जेवढा कमी तेवढा भारी, तीनच्या खाली असंल तर निर्धास्त भाजी चिरा. पिचरच्या नावापुढं ६.१ दिसलं तर ती सहा इनिंग आणि एक आऊट, आपल्या ओव्हरसारखंच. टेबलमधी जीबी म्हणजे पहिल्या नंबरापासून किती मॅच मागं. सप्टेंबरला एक गणित आबा रोज मांडतात, १६३ मधून पहिल्या टीमचे विजय वजा करायचे आणि दुसऱ्या टीमचे पराभव वजा करायचे, जे उरलं त्याला मॅजिक नंबर म्हणतात, तो शून्यावर आला की डिव्हिजन जिंकला.

घरच्यांना सोबत घ्या

एकट्यानं चोरून बघितलं तर ते जास्त दिवस टिकत नाही. पहिल्या वर्षी मी फोन लपवून बघायचे, तर आमच्या सासूबाईंना वाटायचं ही पहाटे पहाटे कोणाशी बोलायलीय. मग एक दिवस सरळ शेजारी बसवून दाखवलं. नियम त्यांना आजही येत नाहीत पण टोपीवरचा पक्षी ओळखतात, आणि रोज चहा घेताना विचारतात, “गं, आपला निळा पक्षी जिंकायलाय का?” तेवढं पुरतं.

आमच्याकडं ठरलेलं असं आहे. मोठी पोरगी अकरावीला आहे, सकाळी क्लास, तिच्या खोलीत मॅचचा आवाज जाणार नाही, तिला रविवारची रात्रीची मॅच पाच इनिंगपर्यंत. जो मॅच बघायलाय त्यानं मोटरकडं लक्ष ठेवायचं, टाकी सांडली तर दुसऱ्या दिवशीची मॅच बंद, आणि हे सगळ्यांना लागू, आबांना पण. डॉजर्स पूर्वेकडं खेळायला गेली की मॅच पहाटे असते, मी उठलेली असते आणि हे झोपलेले, तरी निकाल सांगायचा नाही, ते दुकानात दुपारी निवांत हायलाईट बघतात. निकाल फोडणं हे आमच्या घरात मीठ सांडण्यापेक्षा वाईट धरतात. एका घरात दोन टीम असू द्या, काही बिघडत नाही, शक्यतो दोन वेगळ्या लीगमधल्या घ्या म्हणजे रोजची भांडणं होत नाहीत.

सीझन पण आपल्या कॅलेंडरला बरोबर बसतो. गुढीपाडव्याच्या आसपास सुरू होतो. जूनला मृग लागला की आमचे हे बियाणं-खताच्या गर्दीत, महिनाभर मॅच नाही, तेव्हा त्यांच्या टीमचं पान आबा भरून ठेवतात. जुलैच्या मधी ऑलस्टारची सुट्टी, तीन-चार दिवस कोणीच लीगची मॅच खेळत नाही, त्या दिवसांत मी डाळी-मसाल्याचे डबे घासून घेते. सप्टेंबरअखेर १६२ संपतात आणि सोयाबीन काढणीच्या धांदलीत ऑक्टोबरचा प्लेऑफ लागतो. दोन्ही लीगमधून सहा-सहा अशा बारा टीम, पहिली फेरी तीन मॅचची, दुसरी पाचची, मग सात आणि शेवटी वर्ल्ड सिरीज पण सातची.

प्लेऑफला मात्र वर सांगितलेलं येताजाता बघणं चालत नाही. तेव्हा कामं आदल्या रात्री उरकून ठेवा. २०२५ ची दिवाळी मी कधी विसरणार नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २१ ऑक्टोबरला पहाटे, मरिनर्सबरोबर अमेरिकन लीगच्या फायनलची सातवी मॅच, हरलो की घरी. मी सगळा फराळ दोन दिवस आधी करून टाकला होता, त्या सकाळी फक्त रांगोळी आणि झेंडूची तोरणं बाकी ठेवली. सातव्या इनिंगला ३-१ नं मागं, दोन रनर बेसवर, आणि आमच्या जॉर्ज स्प्रिंगरनं होमरन मारला, म्हणजे बॉल थेट मैदानाबाहेर, बेसवरचे सगळे घरी, एका फटक्यात ४-३. माझ्या हातात सुईदोरा तसाच. १९९३ नंतर पहिल्यांदा टोरोंटो वर्ल्ड सिरीजला, आणि समोर कोण, तर आमच्या ह्यांची डॉजर्स.

वेगळ्या लीगच्या टीम घ्या म्हणाले ना, त्याचा हा एकच धोका. वर्ल्ड सिरीजची तिसरी मॅच १८ इनिंग चालली, सकाळी साडेपाचला सुरू झालेली दुपारी बारा वाजून गेले तरी चालूच, दुकान उघडायला उशीर झाला, पोरांना डब्यात नुसता चिवडा गेला, शेवटी डॉजर्सच्या फ्रेडी फ्रीमननं होमरन मारून संपवली. अशा दिवसासाठी धपाटे आदल्या रात्रीच करून ठेवावेत, दोन दिवस राहतात, दह्याबरोबर लागतात पण चांगले.

सातवी मॅच २ नोव्हेंबरला, रविवारी. कार्तिकी एकादशी होती, घरात सगळ्यांना उपास, त्याच्यामुळं स्वयंपाक नव्हता, साबुदाणा रात्रीच भिजवलेला. सगळे एका खोलीत. आमच्या बो बिशेटनं तिसऱ्या इनिंगला डॉजर्सचा पिचर ओहतानीला होमरन मारला तेव्हा ३-० होतं आणि सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. नवव्याला दोन आऊट लागत होते फक्त, तिथं डॉजर्सच्या मिगेल रोहासनं बरोबरी केली. अकराव्याला त्यांच्याच विल स्मिथचा होमरन, ५-४. मग आमचा एक रनर तिसऱ्या बेसवर, एक पहिल्यावर, एक आऊट, आणि आमच्या कर्कची बॅट मोडून बॉल थेट शॉर्टस्टॉपकडं. त्या शॉर्टस्टॉपनं, मुकी बेट्सनं, स्वतःच दुसऱ्या बेसवर पाय ठेवला आणि पहिल्याला फेकला. आबांनी चौकोनात ६-३ लिहिलं, त्याच्यापुढं दोन आऊटचे गोल काढले आणि पेनाला टोपण लावलं. आमचे हे नाचले नाहीत, उठून आत गेले आणि सगळ्यांसाठी चहा टाकून आणला.

त्याच दिवशी आपल्या पोरींची नवी मुंबईत क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल होती. आबांनी हजेरीपटाचं पान उलटलं आणि त्याच चौकोनांत भारताची इनिंग मांडली. रात्री आपण जिंकलो तेव्हा सासूबाई झोपेतून उठून विचारायल्या, निळ्यावालेच जिंकले ना?

नोव्हेंबर ते जानेवारी खेळ नसतो. येळवसीला (वेळ अमावस्येला) शेतात जायचं, भज्जी-आंबील खायची, हुरडा खायचा, जुनी वही अधूनमधून काढून बघायची. फेब्रुवारीच्या मध्यावर पिचर आणि कॅचर सरावाला येतात, तोपर्यंत नवीन हजेरीपट आणून ठेवा, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. नावं लगेच पेनानं लिहू नका, मार्चपर्यंत खेळाडू इकडचे तिकडं होतात, पेन्सिलनं लिहा. आणि पहिल्या पानावर आपल्या वेळेनं पहिली मॅच कधी ते लिहून, त्या दिवशी नळाची पाळी आहे का ते बघून ठेवा.